तिकडचं कार्ड

“तिला एवढ्यात तिकडचं कार्ड घेऊन देऊ नका,” गोरक्षनाथ फोनवर जावयाला म्हणाला. “कायबी कारण सांगा. पन तिच्या फोनला नेट नको.”

पलीकडे, कॅनडात, रविराज फोन घेऊन घराबाहेर आला.

त्या दिवशी पहाटे लंकाबाई गेल्या होत्या. त्या गोरक्षनाथच्या सासूबाई. मुलगा नव्हता, म्हणून तिसगावात लेकीकडेच राहायच्या. आणि ती लेक, पुष्पावती, थोरल्या पोरीच्या, अश्विनीच्या बाळंतपणासाठी सहा महिन्यांकरता कॅनडाला गेलेली.

“अश्विनीलाबी सांगू नका,” गोरक्षनाथ म्हणाला. “आठवा लागलाय तिला. पुष्पाला कळलं तर ती रडून आकांत करंल. पोरीच्या जिवाला घोर नको.”

“बरं, नाना.”

रविराजनं एका शब्दानंही वाद घातला नाही. जावई समजूतदार मिळाला, असं गोरक्षनाथला वाटलं.

पुष्पावतीचा फोन विमानातून उतरल्यापासून मुका होता. इथलं सिमकार्ड तिथं चालेना, आणि घरातलं नेट तिला कुणी जोडून दिलं नव्हतं. बोलायचं ते रविराजच्या फोनवरून, तो सकाळी कामावर जायच्या आधी. तिच्या फोनला नेट मिळालं असतं तर गावाचा ग्रुप उघडला असता. ग्रुपवर लंकाबाईंचा हार घातलेला फोटो होता आणि खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग.

गोरक्षनाथनंच अग्नी दिला. दहाव्याला डोकं भादरलं. पुतण्या वाल्मिक म्हणाला, “काका, सांगून टाका. पोटची लेक हाय. पुढं तोंड कसं दाखवाल?”

“बाळ येऊ दे. मग सांगतो.”

फोन यायचा तेव्हा गोरक्षनाथ ओसरीवरून उठून गोठ्याकडं जायचा. रविराज म्हणायचा, नेट स्लो आहे, व्हिडिओ नको. गोरक्षनाथला ते बरंच होतं. भादरलेलं डोकं दिसलं नसतं.

“आईला द्या की,” पुष्पावती म्हणायची.

“निजल्यात.”

“मागंबी निजली व्हती.”

“वय झालं. अश्विनी कुठंय?”

“तीबी निजलीय.”

“डॉक्टर काय म्हणत्यात?”

“अजून येळ हाय म्हणत्यात. तुमी जेवलात का?”

“जेवलो.”

एरवी फोन ठेवता ठेवत नसे ती. पण तिला आता लवकर ठेवायची घाई असायची, आणि गोरक्षनाथलाही.

रिकाम्या खाटेकडं बघून त्याला गलबलून यायचं. सासू-जावई असले तरी दोघांनी एका घरात वीस वर्षं काढली होती. रडावं तर कुणापाशी, हे त्याला कळत नव्हतं.

तेराव्यानंतर आठवड्याभरानं, एका पहाटे धारा काढून तो चरवी घेऊन येत होता. खिशातला फोन वाजला. पडद्यावर पुष्पावतीचं नाव होतं. तिच्याच नंबरावरून, आणि व्हिडिओ.

चरवी खाली ठेवून त्यानं टोपी कानापर्यंत ओढली.

ती कुठल्याशा दुकानाबाहेर बाकावर बसली होती. अंगात अश्विनीचं ढगळ जाकीट. डोळे सुजलेले.

“कार्ड कुणी घेऊन दिलं?”

“शेजारच्या पंजाबी बाईनं. रविराज नुसतं उद्या-उद्या करत व्हते. आज तिच्यासंगं गेले, पासपोर्ट दाखवला, मिळालं.” तिनं डोळ्यांना पदर लावला.

हिनं फोटो पाहिला, गोरक्षनाथला वाटलं.

“पुष्पा, माझं चुकलं. मी तुला—”

“मला आधी बोलू द्या. फोन चालू झाला तसा पैला तुमालाच लावलाय. घरात बोलता येत न्हाई, अश्विनीनं शपथ घातलीय.” तिचा आवाज चिरकला. “अहो, बाळ गेलं. पोटातच. महिना व्हायला आला.”

गोरक्षनाथ चरवीशेजारी खाली बसला.

“तुमी तिथं आईसंगं एकटेच, म्हनून पोरगी सांगू देईना. माझ्याच्यानं ऱ्हावलं न्हाई.” तिनं नाक पुसलं, आणि हळूच म्हणाली, “पन ऐका, आईला मातर एवढ्यात कळू देऊ नका. पणतवंडाच्या आशेवरच जीव धरून बसलीय ती.”