शिवणीतली माया

"हात वर कर," आई म्हणाली. ओठांत धरलेल्या टाचण्यांमुळे शब्द अर्धवटच उमटले.

शिवणयंत्राशेजारच्या आरशापुढे लेक उभी राहिली. धाकट्या बहिणीच्या विवाहात घालण्यासाठी दोन महिन्यांपूर्वी बेतलेला हा झगा या थोरल्या लेकीच्याच मापाचा होता. आज तो खांद्यांवरून ओघळत होता.

"बघा वन्सं," आई नणंदेला म्हणाली, "जन्मभर हिला कापड पुरलं नाही. आता उरतंय!"

खिडकीशी बसलेली आत्या हसली. "हा झगा बेतलास तेव्हाही 'पोरगी सुटली, सुटली' म्हणून रडत होतीस, वहिनी. आज खरी सुटली म्हणायची! आमच्या कोचालाही जरा उसंत."

लेकही हसली. हसताना तिचा तळहात पोटावर दाबला गेला, हे दोघींपैकी कोणीच पाहिले नाही. कोपऱ्यातल्या पडद्याआड झगा उतरवून तिने तो वरून आईच्या हाती दिला.

पुढे कधी कपडा सैल करावा लागेल म्हणून शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. इतरांच्या कपड्यांत आई बोटभर माया ठेवी. या लेकीच्या कपड्यांत मात्र चांगली चार बोटे.

"आता कशाला हवी ही?" म्हणून तिने दोन्ही बाजूंची माया कात्रीने सरळ कापून टाकली. पट्ट्या जमिनीवर पडल्या. मग खालचे अस्तर उलटताना तिचा हात थबकला. पांढऱ्या अस्तरावर तांबडा, ओला डाग होता.

"अगं, पाळी आलीय तर सांगायचं नाहीस का?"

"पाळी नाही, आई." लेक पडद्याआडूनच बोलली. "शौचावाटे रक्त जातंय."

आत्याचे हसू ओठांवरच विझले.

"कधीपासून?" आईने विचारले.

"हा झगा बेतलास तेव्हापासून." लेक बाहेर आली. "काल डॉक्टरांकडे जाऊन आले. आतड्याला सूज आहे, आत व्रण पडलेत. उद्या दाखल व्हायचंय. मी विचारलं, बारीक झाले हे तरी बरंच ना? ते म्हणाले, लठ्ठपणानं या दुखण्याचा धोका वाढतो हे खरं. पण तुमचं वजन तुम्ही उतरवलेलं नाही, ते दुखण्यानं खाल्लंय."

आईच्या ओठांतल्या टाचण्या एकेक करून फरशीवर पडल्या.

"इतके दिवस बोलली का नाहीस गं?"

लेक खाली पाहत म्हणाली, "मी बारीक होऊ लागले, तशी मला बघून तू पहिल्यांदाच उसासे टाकायची थांबलीस."

आई खाली वाकली. कापलेली एक पट्टी उचलून ती झग्याच्या कडेला लावून पाहू लागली. कापड तेच होते, रंगही तोच. टाचणी लावायला मात्र कडेला जागाच उरली नव्हती.