नवी की जुनी

लांज्याच्या सड्यावरचं, तिथल्या उघड्या कातळपठारावरचं, ते निळं फूल नवीन जातीचं आहे, असं कॉलेजातल्या पटवर्धनबाईंचं म्हणणं. त्यांच्याच विभागातले लिमयेसर म्हणत, जात जुनीच आहे. सत्त्याऐंशीच्या भाद्रपदात, फूल चिरून एकदाचा निकाल लावायचा म्हणून दोघं सड्यावर गेले. दिवसभर कातळ धुंडाळल्यावर एकच रोप सापडलं, त्यावर एकच फूल.

सरांनी ब्लेड काढलं आणि ते हातात धरून नुसतेच बसले.

"हे चिरलं तर बी कुठून धरणार, बाई?"

"राहू दे, सर. जुनीच जात असेल."

"छे, नवीनच आहे. तुमचंच खरं." सरांनी ब्लेड खिशात टाकलं.

रोपाभोवती दगड रचून दोघं खाली उतरले आणि एसटी येईपर्यंत, दुसऱ्याचंच कसं बरोबर आहे, यावर हिरिरीने भांडत राहिले.