चाळीस ठुमके

मधमाशी फुलांचा पत्ता नाचून सांगते, हा धडा खरातबाईंनी पोरांना नाचूनच शिकवायचं ठरवलं. आपल्याला सगळ्यात प्रिय असेल ते कुठं लपलंय, ते तोंडातून शब्द न काढता सांगायचं. तोंड जिकडं, ती दिशा. ठुमके जितके, तितकी पावलं. पोरांनी हसतखिदळत एकमेकांचे भोवरे, रिबिनी हुडकून काढल्या.

शेवटी मोनिका उठली. महिन्याखाली तिची आई राजूरला मामाकडं गेली म्हणे, तेव्हापासून पोर गप्पच झाली होती. शाळेला लागूनच तिच्या वडिलांची मोसंबीची बाग. तिकडं तोंड करून तिनं मोजून चाळीस ठुमके मारले.

बाई चाळिसाव्या पावलावर थांबल्या. समोर महिन्याखालीच लावलेलं हातभर रोप होतं. एवढ्याशा रोपाला बहर येत नसतो. पण ते पांढऱ्या फुलांनी लगडलं होतं, आणि माश्या नुसत्या घोंगावत होत्या.

"इथं काय लपवलंस गं, बाळा?"

"मी न्हाई लपवलं, बाई. पप्पानं लपवलं," मोनिका हळूच म्हणाली. "तिचं नाव बिलकुल काढायचं न्हाई म्हणले. नाचायचं न्हाई, असं काही न्हाई म्हणले."