पामु

धानाच्या बांधीतून मल्लव्वा धावत आली आणि अंगणात सासूच्या पुढ्यात धपकन बसली. "पामु," ती म्हणाली. "पामु, पामु!"

सुलोचनाबाई धान पाखडत होत्या. तेजरामनं चांद्याकडच्या कोळसा खाणीवरून ही तेलंगी बायको करून आणली, त्याला दोन महिने झाले होते. तिचा एक शब्द सासूला कळेल तर शपथ. त्या उठल्या, लोटाभर पाणी आणून तिच्यापुढे धरलं.

मल्लव्वानं जोरजोरात मान हलवली. तोंडापुढे दोन बोटं धरून ती जिभेसारखी लवलव हलवली. पुन्हा "पामु" म्हणाली आणि लोटा लोटून दिला. पाणी सुपातल्या धानावर सांडलं.

"पानी मांगते अन् पानीच ढकलते! वेडावून दाखवते का मले?" सुलोचनाबाई कडाडल्या. पाठ फिरवून ओलं धान निवडायला लागल्या. मागून आवाज येत राहिला. मग तो जड झाला. मग नुसती घरघर.

तेजराम बैल घेऊन आला तेव्हा ती भिंतीला टेकली होती. पापण्या उघडत नव्हत्या, तोंडातून लाळ गळत होती.

"माय, काय झालं इले?"

"मले काय ठाऊक? मघापासून पामु-पामु करून राहिली. पानी देल्लं, त..."

तेजरामनं झटकन तिचं लुगडं घोट्यावरून वर सारलं. "पामु म्हंजे साप वं, माय!"

तिच्या घोट्याला दातांच्या खुणा होत्या. पाय सुजून काळानिळा पडला होता.

दवाखान्यात न्यायला बैल बंडीला जुंपले. सुलोचनाबाईंनी सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. "बोल वं बाई, काहीबी बोल," वाटभर त्या म्हणत राहिल्या. कारध्याचा पूल दिसला, तेव्हा तेजरामनं बैल थांबवले. आता घाई कशाचीच उरली नव्हती.

निरोप गेला तशी मल्लव्वाची आई आली. ओट्यावर बसून ती आपल्या बोलीत रडू लागली. मध्येच छाती पिटायची, मध्येच हात पुढे करून काही विचारायची. लेकीचं बालपण सांगत असेल, शिव्याही देत असेल. सुलोचनाबाई तिच्यासमोर भुईवर बसल्या.

तेजराम जवळ आला. "माय, थे म्हन्ते का..."

"तू नोको सांगू," सुलोचनाबाई म्हणाल्या. "तिलेच बोलू दे."

दिवेलागण झाली, तरी त्या बाईच्या ओठांवर डोळे लावून त्या तशाच बसून होत्या.