या कॉम्रेड, जेवायला!

"या कॉम्रेड, जेवायला!" दिव्याकडे बघून लोथार म्हणाला आणि त्याने जीभ चावली. आज दिव्यात कोणी नव्हतं.

पूर्व जर्मनीतलं सरकार गेलं, सीमेवरची भिंत पडली, आणि आज सकाळी वायरमनने जेवणाच्या टेबलावरच्या दिव्यातून बोटाएवढा मायक्रोफोन उपटून काढला. घरातलं बोलणं सरकारचं कोणीतरी ऐकतंय, याची लोथारच्या बायकोला पहिल्यापासून खात्री होती. म्हणूनच बशा मांडून झाल्या की ती खट्याळपणे दिव्याला जेवायला बोलवायची. ती वारल्यावरही लोथारने तो परिपाठ सोडला नव्हता.

"आता आमंत्रण पुरे हं, बाबा," त्याची मुलगी हाइड्रुन हसत म्हणाली. तेवढ्यात दार वाजलं.

दारात एक वाकलेला म्हातारा उभा होता, हातात फुलं घेऊन. "इतकी वर्षं रोज बोलावताय. ड्युटी सोडून उठता यायचं नाही. आता नोकरीच गेली, म्हटलं जाऊन यावं."

म्हातारा सरळ आत आला आणि लोथारच्या बायकोच्या रिकाम्या खुर्चीवर बसला. हाइड्रुन चमच्यांसाठी खण ओढू लागली, तर तो अडकला.

"जरा उचलून ओढ, पोरी," मागे न बघताच म्हातारा म्हणाला. "आई किती वेळा सांगायची तुला."

सूप वाढून झालं. कोणीच बोलेना. म्हाताऱ्याने चमचा खाली ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"बोला ना काहीतरी," तो म्हणाला. "नेहमीसारखं."