नलूचे दात

२०१६ सालचा जून. ठाकूरद्वारच्या दातांच्या दवाखान्यात नलू खुर्चीत आडवी होती आणि डॉक्टर यशोधन तिच्या तोंडात आरसा धरून एकेक दात हलवून बघत होते. मागे तिची सून मानसी पर्स कवटाळून उभी होती.

"काकू, दात किती वेळा घासता?"

"दोन वेळा," नलू म्हणाली.

आमवाताने तिची बोटं वाकली होती. परळच्या हॉस्पिटलात नवं इंजेक्शन सुरू करायचं ठरलं होतं. त्याने बोटं सुटतील, पण शरीराची रोगाशी लढायची ताकद कमी होईल, म्हणून तोंडात कुठे पू नाही अशी चिठ्ठी आधी हवी होती. चिठ्ठी नाही तर इंजेक्शन नाही.

"हिरड्या सगळ्या सुजल्यात. चार दात हलतायत. दोन वेळा घासणाऱ्याचं तोंड असं नसतं."

"असं कसं म्हणता, डॉक्टर?" मानसी पुढे आली. "आई आमच्या आधी उठतात. रोज मोरीत नळाचा आवाज येतो, चूळ भरल्याचा येतो. दात घासल्याशिवाय त्यांनी कधी चहा घेतलेला नाही. त्यांचं मला सांगू नका!"

हिने आता गप्प बसावं, असं नलूला झालं.

डॉक्टरांनी पाकिटातून नवा ब्रश काढून तिच्या हातात दिला. "जरा घासून दाखवा."

ब्रश अंगठ्याला टेकला, घसरला आणि फरशीवर पडला. डॉक्टरांनी दुसरा पुढे केला. नलूने तो घेतला नाही.

"नळ सोडते नुसता," ती म्हणाली. "संक्रांतीपासून."

बाहेर बाकावर तिचे यजमान, अप्पा, पेपर वाचत होते. पान उलटल्याचा आवाज आत आला.

"ह्यांना कळता कामा नये," नलू पुटपुटली.

"पण मला सांगायचंत ना, आई."

"काय सांगू? अर्णवचे झाले की माझे घास म्हणून? नातवाच्या मागे रांगेत उभी राहू?"

मानसीने वाकून फरशीवरचा ब्रश उचलला. पाणी जाईल म्हणून मोरीच्या दारावर थाप मारून, आई, नळ बंद करा हो, असं ती कितीदा तरी ओरडली होती.

चार दात काढले, हिरड्या साफ केल्या, चिठ्ठी मिळाली. जुलैअखेर इंजेक्शन सुरू झालं. रोज सकाळी मोरीचं दार आतून लावून मानसी सासूचे दात घासून देऊ लागली. नलू त्या वेळी डोळे मिटून घेई. एवढा वेळ आत काय करता, असं अप्पांनी विचारलं, तेव्हा मानसी म्हणाली, "आईंची वेणी घालते."

अप्पा २०२१ साली गेले. जाईपर्यंत त्यांचा त्या वेणीवर विश्वास होता. डॉक्टर यशोधन दवाखाना दादरला घेऊन गेले. मानसीच्या नवऱ्याला, अभिषेकला, अँटॉप हिलला सरकारी क्वार्टर मिळालं. नलू त्यांच्याकडेच असते. तिचे अठरा दात उरले आहेत आणि जाड मुठीच्या ब्रशने ती ते स्वतः घासते.

एक गोष्ट मात्र तिने कुणालाच सांगितलेली नाही. इंजेक्शन सुरू झालं त्याच वर्षी, नवरात्रातच, तिची बोटं ब्रश धरण्याइतकी सैल झाली होती. तरी ती रोज सकाळी मोरीतल्या स्टुलावर जाऊन बसत राहिली. दिवाळीत पाडव्याच्या संध्याकाळी चकल्यांच्या डब्याचं घट्ट बसलेलं झाकण अर्णवला निघेना. तिने डबा ओढून घेतला आणि बोलता बोलता उघडून दिला. मानसी समोरच उभी होती. नलूने हात पदराखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानसीने मोरीचं दार लावलं, ब्रशवर पेस्ट घेतली आणि म्हणाली, "आ करा, आई."