बटाट्याच्या राज्याचा माणूस

बूट दोन नंबर मोठे होते. वहाबनं पुढं कापडाचे बोळे कोंबले, तरी टाचा सुटतच होत्या.

"तुला चालायचं नाहीच," कॅप्टन म्हणाला. "नुसतं उभं राहायचं."

वहाब मूळचा श्रीवर्धनचा. अरबी वाळवंटातल्या हफ्र अल बातिन गावाजवळच्या या अमेरिकन छावणीच्या भटारखान्यात तो रोज चार पोती बटाटे सोलायचा. आज मात्र त्याच्या अंगावर अमेरिकन शिपायाचा गणवेश होता आणि छातीवर 'मिलर' अशी पट्टी.

झालं होतं असं. अमेरिकेतल्या एका राज्याचे सिनेटर आज रियाधहून येणार होते. ते राज्य बटाट्यासाठी प्रसिद्ध. आपल्या राज्याच्या शिपायाबरोबर आघाडीवर काढलेला फोटो त्यांना मतदारांना दाखवायचा होता. छावणीत त्या राज्याचा शिपाई एकच, मिलर. त्याला कॅप्टननं चार दिवसांपूर्वी पुढच्या तळावर धाडून दिलं होतं, आणि हे ध्यानात आलं आज सकाळी. सिनेटर लष्कराच्या समितीवर. कॅप्टनला बढती हवी. मिलर आणि वहाब एकाच उंचीचे.

"नशीब बघ माझं," कॅप्टन म्हणाला. "त्यांच्याच ऑफिसनं कळवलंय, फोटो गॅस मास्क घालूनच काढायचा. क्षणभरही उतरवायचा नाही. युद्धाचं गांभीर्य दिसलं पाहिजे म्हणे."

कॅप्टनच्या नशिबाशी वहाबला काही देणंघेणं नव्हतं. त्याला सुट्टी हवी होती. त्याची मुलगी अफनान पाच महिन्यांची झाली होती आणि त्यानं तिला अजून एकदाही हातात घेतलं नव्हतं. पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे त्याला कामाला आणणाऱ्या अरब मालकाच्या कपाटात. सुट्टी मागितली की मालक म्हणायचा, आधी ही आखातातली लढाई संपू दे. या लढाया काय वहाबला विचारून संपणार होत्या! पण कॅप्टननं शब्द दिला होता, हे पार पडलं की मी स्वतः कफीलशी बोलतो, महिन्याभरात तू घरी. अफनानसाठी वहाब मिलरच काय, सिनेटरसुद्धा व्हायला तयार होता.

कॅप्टननं त्याला एक कागद पाठ करायला दिला. त्यात सिनेटरसाहेबांची मतं होती. राज्यातल्या नदीचं पाणी बटाट्याच्या शेतीला द्यायचं की वीज कंपनीला, असा एक कायदा तिथं वर्षानुवर्षं लोंबकळत होता. शहाऐंशी साली साहेब शेतकऱ्यांच्या बाजूनं होते. अठ्ठ्याऐंशीत कंपनीच्या. गेल्या वर्षी पुन्हा शेतकऱ्यांच्या, पण काही दुरुस्त्यांसह.

"यातलं मी कुठलं धरू?" वहाबनं विचारलं.

"ते शेवटी जे बोलतील ते."

दुपारी दोनला जीप आली. सिनेटर उतरले ते मास्क चढवूनच. अंगात रासायनिक हल्ल्यासाठीचा जाडजूड सूट, डोक्यावर टोपडं, हातांत मोजे. पायांत तेवढे पातळ, काळे, आरशासारखे पॉलिश केलेले बूट.

"टीव्हीवर उंच वाटतात," कॅप्टन पुटपुटला.

वहाबनं मास्कच्या आत बिस्मिल्ला म्हटलं आणि सलाम ठोकला. मास्कमधून बोललं की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येई. कुणाचं इंग्रजी कुठलं, हे कळायला मार्गच नव्हता. वहाबला ते बरंच झालं.

"साहेब, तुमच्या मतावर आपलं राज्य खूश आहे," त्यानं पाठ केलेलं म्हणून दाखवलं.

"कुठल्या मतावर?"

"नदीच्या पाण्याच्या."

सिनेटरांनी हातातले मोजे सारखे केले. "त्यावर मी ठाम आहे."

"म्हणजे पाणी शेतकऱ्यांना?"

"तुला काय वाटतं?"

"तुम्हाला वाटतं तेच, साहेब."

"मग आपलं एकमत आहे," सिनेटर म्हणाले.

कॅप्टननं कौतुकानं मान डोलावली. मुरलेला पुढारी असाच असायचा. स्वतःचं मत विचारलं तरी सापडू देत नाही.

"बटाटा कसा आहे यंदा?" सिनेटरांनी विचारलं.

हा प्रश्न कागदावर नव्हता. पण बटाट्याबद्दल वहाबला शिकवायची गरज नव्हती. "डोळे फार, साहेब. सोलताना अर्धा जातो."

"मग भाजीला काय उरणार!" सिनेटर हळहळले.

कॅप्टन मोठ्यानं खोकला. पण वहाबची भीड आता चेपली होती. मनात होतं ते तोंडातून निघून गेलं. "घरी जाऊन किती दिवस झाले, साहेब?"

"दोन वर्षं." डब्यातला आवाज जरा खाली गेला. "मालक सोडत नाहीत."

वहाबला आधी कळेना. मग उमगलं, मतदार म्हणजे मालकच की. एवढा मोठा माणूस, पण जनतेला मालक म्हणतो! वहाबला त्याच्याबद्दल मनापासून माया वाटली. बिचाऱ्याला पाण्याचं धड काही आठवत नसेल, पण माणूस चांगला.

"जवळ या," फोटोवाला ओरडला. "अजून जवळ. आता हात मिळवा."

वहाब मायेनं एक पाऊल पुढं सरकला. टाच सुटली, तोल गेला, आणि मिलरचा भलामोठा बूट वहाबच्या सगळ्या वजनासकट त्या चकचकीत काळ्या बुटावर पडला.

सिनेटर एका पायावर नाचले, आणि मास्कमधून स्वच्छ मराठी आलं, "आई गं! पाय काढ, मेल्या! फोटो बिघडला तर माझी सुट्टी गेली!"